एएम३ प्रोसेसरचे बंद कोअर उघडणं आणि ओव्हरक्लॉक करणं : क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

एएमडीच्या एएम३ सॉकेटचे फेनम २ आणि अ‍ॅथलॉन २ प्रोसेसर अनलॉक करताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) शिरून बंद कोअर उघडतात, त्याच फेरीत मल्टिप्लायर (मूळ क्लॉकला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो) वाढवतात आणि जाता जाता रॅमचा वेगही चढवतात. मग मशीन विंडोजपर्यंत पोचत नाही, आणि दोष उघडलेल्या कोअरचा, वाढवलेल्या वेगाचा की रॅमचा, हे शोधायला मार्ग उरत नाही. शेवटी 'माझा प्रोसेसर अनलॉक होत नाही' असा निष्कर्ष निघतो. अनेकदा तो चुकीचा असतो.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. आधी मूळ स्थिती तपासायची, मग मूळ वेगावरच कोअर उघडायचे, ते पक्के झाल्यावर वेग वाढवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचं. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी.

## टप्पा १ : तुमचा प्रोसेसर या वाटेचा आहे का?

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, बंद ठेवलेले कोअर किंवा एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) चालू करणं. दोन, वरच्या दिशेने मोकळा असलेला मल्टिप्लायर वापरणं. पहिली गोष्ट चकतीवर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर, बंद कोअर आहेत का यावर अवलंबून आहे, दुसरी प्रोसेसर ब्लॅक एडिशन (मल्टिप्लायर मोकळा ठेवलेली आवृत्ती) आहे का यावर. एक असली म्हणजे दुसरीही असेल, असं नाही.

सीपीयू-झेड हा प्रोसेसरची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा आणि 'कोड नेम'ची ओळ वाचा.

- कॅलिस्टो (फेनम २ एक्स२ ५५०, ५५५) : मुळात चार कोअरची डेनेब चकती, त्यातले दोन बंद. हे दोन्ही ब्लॅक एडिशन म्हणून आले.
- हेका (फेनम २ एक्स३ ७१०, ७२०) : डेनेबच, एक कोअर बंद. ७२० ब्लॅक एडिशन आहे.
- राना (अ‍ॅथलॉन २ एक्स३) : एक कोअर बंद. काही नगांच्या आत डेनेब चकती निघते, त्यांत ६ एमबी एल३ कॅशही उघडू शकते. मल्टिप्लायर वरून बंद.
- झोस्मा (फेनम २ एक्स४ ९६०टी) : सहा कोअरच्या थुबान चकतीतले दोन बंद.
- सार्गास (सेम्प्रॉन १४०) : एक कोअर बंद.

रेगोर कोड नेमचा अ‍ॅथलॉन २ एक्स२ मुळातच दोन कोअरचा बनलेला आहे. त्यात उघडायला काहीच नाही, त्यामुळे बायोसमध्ये पर्याय दिसला तरी त्यामागे वेळ घालवू नका.

वरच्या यादीत असलेला प्रत्येक नग उघडेलच असंही नाही. काही चकत्यांचे कोअर खरोखर सदोष म्हणून बंद केलेले असतात, काहींचे फक्त खालच्या श्रेणीचा माल हवा म्हणून. तुमच्या हातात कुठला आला आहे, ते चाचणीशिवाय कळत नाही.

## टप्पा २ : बोर्ड, पॉवर सप्लाय आणि कूलर

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते इथे.

बोर्ड. एसबी७१० आणि एसबी७५० साउथब्रिजच्या (चिपसेटमधल्या दुय्यम चिपच्या) बोर्डांवर हे काम अ‍ॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन, म्हणजे एसीसी, या बायोस पर्यायातून होतं. एसबी८५० आल्यावर एसीसी गेलं आणि बोर्ड कंपन्यांनी आपापली सोय दिली: आसुसचा 'कोअर अनलॉकर', असरॉकचा 'यूसीसी', एमएसआयचा 'अनलॉक सीपीयू कोअर', बायोस्टारचा 'बायो-अनलॉकिंग'. गिगाबाइटच्या काही बोर्डांवर एसीसीबरोबर 'ईसी फर्मवेअर सिलेक्शन' हा पर्याय 'हायब्रिड' करावा लागतो. तो 'नॉर्मल'वर राहिला तर एसीसी चालू करूनही एकही कोअर वाढत नाही.

> इशारा : कामाला लागण्याआधी 'नवीन तेच चांगलं' म्हणून बायोस अपडेट करू नका. काही बोर्डांच्या नंतरच्या बायोसमध्ये अनलॉकची सोय काढून टाकली होती. कुठल्या आवृत्तीत ती आहे हे बघूनच ठरवा, आणि फ्लॅश करायचंच तर सर्व सेटिंग मूळ असताना करा. अस्थिर मशीनवर बायोस फ्लॅश केला तर बोर्ड गमवाल.

बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी असलेला व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारा भाग, बघा. ५५० चा टीडीपी (कूलरला हटवावी लागणारी उष्णता) ८० वॉट आहे. चार कोअर उघडले आणि वेग वाढवला की मागणी १२५ वॉटच्या प्रोसेसरच्या पंगतीला जाते. बोर्ड १२५ वॉटचे प्रोसेसर अधिकृतपणे चालवत नसेल, किंवा व्हीआरएमवर हीटसिंक नसेल, तर कोअर उघडून थांबा. ओव्हरक्लॉकच्या वाटेला जाऊ नका.

पॉवर सप्लाय. त्यावर किती वॉट छापलेत यापेक्षा तो किती जुना आहे आणि १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपिअर देतो, हे महत्त्वाचं. बोर्डावरचे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा गळलेले दिसले तर काम तिथेच थांबवा.

कूलर. जुनी थर्मल पेस्ट वाळलेली असते, ती बदलणं आलंच. पण कूलर काढायची एक रीत आहे. एएम३ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते. कूलर सरळ वर ओढला तर लॉक लावलेल्या सॉकेटमधूनही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं लोडवर चालवून गरम करा, बंद करून वीज काढा, क्लिप सोडा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सैल झाल्यावरच उचला.

सीएमओएसची (बायोसची सेटिंग जपणाऱ्या मेमरीची) सीआर२०३२ बॅटरीही आत्ताच बदलून टाका. ती मेलेली असेल तर वीज गेल्यावर सेटिंग पुसली जातात आणि 'कोअर आपोआप बंद झाले' असं वाटत राहतं.

## टप्पा ३ : परतीची वाट

महत्त्वाचा डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या. अस्थिर प्रोसेसर नुसता हँग होत नाही, डिस्कवर चुकीचा डेटाही लिहू शकतो आणि विंडोजची फाइल सिस्टीम बिघडवू शकतो.

बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. बोर्डावर 'क्लिअर सीएमओएस'चा जंपर कुठे आहे ते शोधा. मशीन सुरूच झालं नाही तर वीज काढून हाच जंपर वापरायचा आहे, आणि त्या वेळी अंधारात चाचपडायला नको.

एक वही घ्या. तारीख, बदललेलं सेटिंग, व्होल्टेज, तापमान, चाचणीचा निकाल, एवढे रकाने पुरेत. पाचव्या-सहाव्या बदलानंतर कुठल्या व्होल्टेजवर काय झालं होतं हे कुणाच्याच लक्षात राहत नाही.

## टप्पा ४ : मूळ स्थितीची मोजणी

बायोसमध्ये 'लोड डिफॉल्ट' करा. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ चा किमान एक पूर्ण फेरा मारा. रॅममध्ये आधीच दोष असेल तर पुढची प्रत्येक चाचणी तुम्हाला फसवेल.

मग विंडोजमध्ये प्रोसेसरवर पूर्ण ताण देणाऱ्या प्राइम९५ ची 'स्मॉल एफएफटी' चाचणी अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूमॉनिटरमध्ये दोन तापमानं टिपा: प्रोसेसरच्या आतलं कोअर तापमान आणि बोर्ड दाखवतो ते सॉकेटचं 'सीपीयू' तापमान. रिकामं असतानाचं आणि पूर्ण लोडचं, दोन्ही.

ही नोंद चुकवायची नाही. कोअर उघडल्यावर बहुतेक प्रोसेसरांमध्ये आतला सेन्सर निकामी होतो. तो शून्य किंवा अर्थहीन आकडा दाखवतो. 'माझं तापमान ११ अंश आहे, म्हणजे भरपूर वाव आहे' असं समजून व्होल्टेज चढवणारे याच आकड्याला फसतात. अनलॉकनंतर फक्त सॉकेटचा सेन्सर उरतो, आणि तो साधारणपणे आतल्यापेक्षा वेगळा व उशिरा बोलतो. तुमच्या बोर्डावर दोघांत किती फरक आहे, हे मोजायची संधी फक्त आत्ता आहे.

> तपासणी : मूळ वेगावर, मूळ कोअरवर अर्ध्या तासात एकही चूक नाही, तापमान आटोक्यात. इथेच मशीन डगमगत असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५ : कोअर उघडणं

वेग, व्होल्टेज, रॅम, कशालाही हात लावायचा नाही. बायोसमध्ये 'कूल अँड क्वाएट', 'सी१ई' आणि असल्यास 'टर्बो कोअर' तात्पुरते बंद करा, म्हणजे चाचणीदरम्यान वेग वर-खाली होणार नाही. मग एसीसी 'ऑटो' करा, किंवा तुमच्या बोर्डाचा अनलॉक पर्याय चालू करा. सेव्ह करा. पहिल्या वेळी मशीन एकदा आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतं.

सुरू झाल्यावर पोस्टच्या (विंडोजआधीच्या सुरुवातीच्या तपासणीच्या) पडद्यावर नाव बदललेलं दिसेल. ५५० चं 'फेनम २ एक्स४ बी५०', ५५५ चं 'एक्स४ बी५५', ७२० चं 'एक्स४ २०'.

विंडोजमध्ये कोअर कमी दिसले तर एमएसकॉन्फिगमधल्या बूटच्या प्रगत पर्यायांत प्रोसेसरांची संख्या कुणी बांधून ठेवली आहे का ते बघा. ती खूण काढून टाका.

आणि मशीन सुरूच झालं नाही तर? लगेच हार मानायची नाही. याच क्रमाने जा:

1. सीएमओएस क्लिअर करा, डिफॉल्ट लोड करा, फक्त अनलॉक पुन्हा लावून बघा.
2. तरीही नाही, तर प्रोसेसरचं व्होल्टेज ०.०२५ ने वाढवा, मग आणखी एकदा तेवढंच. काही कोअर मूळ व्होल्टेजवर उठत नाहीत, पण ०.०५ जास्त मिळाल्यावर नीट चालतात.
3. बोर्ड एकेक कोअर निवडू देत असेल तर फक्त तिसरा उघडून बघा, मग तिसरा बंद ठेवून फक्त चौथा. दोनपैकी एक चांगला निघाला तर दोनाचे तीन झाले, आणि तेही घेण्यासारखं आहे.
4. अ‍ॅथलॉन २ असेल आणि त्याची एल३ उघडत असेल, तर दोष कॅशमध्येही असू शकतो. अशा वेळी कोअर आणि कॅश वेगवेगळे उघडायची सोय सगळ्या बोर्डांवर नसते. नसेल तर मूळ स्थितीवर परत या.

## टप्पा ६ : उघडलेल्या कोअरची परीक्षा

विंडोज आलं, टास्क मॅनेजरमध्ये चार आलेख दिसले, एवढ्यावर खूश होऊन पुढे जाणं ही या कामातली दुसरी मोठी चूक. अर्धवट सदोष कोअर तासन्‌तास ब्राउझर चालवतो आणि एखाद्या दिवशी फाइल उघडताना चुकीचं उत्तर देतो.

प्राइम९५ प्रत्येक कोअरसाठी वेगळा वर्कर चालवतो, आणि इथे त्याचा खरा उपयोग आहे. 'राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ पेक्षा कमी' अशी चूक देऊन एखादा वर्कर थांबला की कुठला थांबला ते लिहा. पुन्हा चालवा. दर वेळी तोच थांबत असेल तर दोष बहुधा त्या कोअरचा. दर वेळी वेगळा थांबत असेल तर संशय आधी व्होल्टेज, तापमान आणि रॅमवर घ्या.

निळ्या पडद्याचा कोडही बोलका असतो. १०१ म्हणजे 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट', एखाद्या कोअरने वेळेत उत्तर दिलं नाही. १२४ म्हणजे हार्डवेअरने स्वतः नोंदवलेली चूक. मशीन बंद पडलं नाही तरी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए'च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी साचतायत का, ते रोज बघा. तिथे एक जरी नोंद दिसली तरी चाचणी नापास समजा.

आधी स्मॉल एफएफटी दोन तास. मग 'ब्लेंड' रात्रभर, कारण त्यात रॅम आणि मेमरी कंट्रोलरही ताणले जातात. त्यानंतर दोन-तीन दिवस रोजचं काम याच स्थितीत करा.

> तपासणी : मूळ वेगावर सर्व कोअर रात्रभर बिनचूक. सॉकेटचं तापमान टप्पा ४ मध्ये मिळालेल्या फरकासह ६० अंशांच्या आत. हे जमलं नाही तर वेग वाढवायचा विचार सोडा. उघडलेला सदोष कोअर ठेवून ओव्हरक्लॉक करण्यापेक्षा तो बंद करून उरलेले जास्त वेगाने चालवणं केव्हाही चांगलं.

## टप्पा ७ : मल्टिप्लायरने वेग वाढवणं

ब्लॅक एडिशन असेल तर काम सोपं आहे. संदर्भ क्लॉक (मल्टिप्लायर ज्याला गुणतो तो मूळ क्लॉक) २०० मेगाहर्ट्झवरच ठेवायचा, फक्त मल्टिप्लायर अर्ध्या-अर्ध्याने चढवायचा. ५५० मध्ये २०० गुणिले १५.५ म्हणजे ३.१ गिगाहर्ट्झ. १६ केलं की ३.२, १६.५ केलं की ३.३.

प्रत्येक पायरीवर स्मॉल एफएफटी वीस मिनिटं. पास झालं तर पुढची पायरी. नापास झालं तर वेग तोच ठेवून व्होल्टेज ०.०२५ ने वाढवा आणि पुन्हा चाचणी घ्या. व्होल्टेज 'ऑटो'वर मात्र ठेवू नका. वेग वाढवला की कित्येक बोर्ड ऑटोमध्ये गरजेपेक्षा बरंच जास्त व्होल्टेज देतात. बायोसमध्ये टाकलेला आकडा आणि लोडवर सीपीयू-झेड दाखवतो तो आकडा यांतही फरक असतो. वहीत दोन्ही लिहा.

व्होल्टेजचा हिशेब एकदा नीट समजून घ्या. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३.१ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवरून ३.६ आणि १.४५ वर गेलात, तर वेग १६ टक्के वाढतो, उष्णता सुमारे ३४ टक्के. शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी दोन-तीन वेळा व्होल्टेज चढवावं लागलं, तर ते १०० सोडून द्या. रोजच्या वापरात ते जाणवत नाहीत, कूलरला आणि व्हीआरएमला मात्र जाणवतात.

रोजच्या वापरासाठी मी हवेच्या कूलरवर १.४५ व्होल्ट ही हद्द धरतो, आणि १.५ च्या पलीकडे या प्रोसेसरांना नेऊच नये. तापमानाबाबत फेनम २ कडक आहे: फेनम २ एक्स४ ९६५ सारख्या १२५ वॉटच्या मॉडेलसाठी एएमडीने दिलेली कमाल ६२ अंश आहे. आधुनिक प्रोसेसर ९० अंशांवर चालतात म्हणून हेही चालतील, असं नाही. तापमान पन्नाशीच्या शेवटाकडे आलं की फेनम चुका करू लागतो, आणि तिथे व्होल्टेज वाढवल्याने परिस्थिती आणखी बिघडते. अशा वेळी थंडावा वाढवा किंवा वेग कमी करा.

> इशारा : चाचणी चालू असताना पहिली दहा मिनिटं मशीनपासून उठू नका. व्हीआरएमच्या हीटसिंकचं तापमान बोर्ड दाखवत नसेल तर कॅबिनेटमधला पंखा त्या दिशेने फिरवा. लोडवर वेग आपोआप ८०० मेगाहर्ट्झपर्यंत पडून पुन्हा वर येत असेल, तर बहुतेकदा व्हीआरएम तापल्याची खूण असते.

## टप्पा ८ : मल्टिप्लायर बंद असेल तर

अ‍ॅथलॉन २ एक्स३ सारख्या प्रोसेसरमध्ये संदर्भ क्लॉकच वाढवावा लागतो. अडचण ही की त्याच्यावर रॅम, नॉर्थब्रिज (इथे प्रोसेसरच्या आतलाच मेमरी कंट्रोलरचा भाग) आणि हायपरट्रान्सपोर्ट (प्रोसेसर आणि चिपसेटमधला दुवा) हे तिघेही टांगलेले आहेत. क्लॉक वाढवला की तिघेही पळतात, आणि मशीन प्रोसेसरमुळे नाही तर रॅममुळे पडतं.

म्हणून आधी तिघांना खाली आणा. एक्स३ ४३५ चं उदाहरण घ्या, मल्टिप्लायर १४.५:

- संदर्भ क्लॉक २३० केला तर प्रोसेसर ३३३५ मेगाहर्ट्झवर जातो.
- १३३३ ची रॅम तशीच ठेवली तर ती सुमारे १५३३ वर पळेल. रॅमचं सेटिंग १०६६ केलं तर प्रत्यक्षात सुमारे १२२७ मिळेल. सुरक्षित.
- नॉर्थब्रिजचा मल्टिप्लायर १० वरून ९ केला तर २०७० मेगाहर्ट्झ.
- हायपरट्रान्सपोर्टही १० वरून ९. तो नॉर्थब्रिजच्या वर कधीही जाता कामा नये.

पीसीआय एक्सप्रेसचा क्लॉक 'ऑटो'वर न सोडता १०० मेगाहर्ट्झवर बांधा. तो सरकला तर ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क दोन्ही गोंधळ घालतात.

क्लॉक पाच-पाच मेगाहर्ट्झने वाढवा. बाकी चाचण्या टप्पा ७ प्रमाणेच.

## टप्पा ९ : नॉर्थब्रिज

हा टप्पा ऐच्छिक आहे, पण फेनम २ साठी मला तो प्रोसेसरच्या शेवटच्या १०० मेगाहर्ट्झपेक्षा मोलाचा वाटतो, कारण एल३ कॅश आणि मेमरी कंट्रोलर याच वेगावर चालतात. प्रोसेसरचा वेग पक्का झाल्यावरच याला हात लावा. २००० वरून २२००, मग २४००. गरज पडली तर 'सीपीयू-एनबी' व्होल्टेज थोडं वाढवा, १.३ च्या आत. ते आणि चिपसेटचं 'एनबी' व्होल्टेज या दोन वेगळ्या ओळी आहेत. घाईत चुकीची ओळ वाढवली जाते आणि नुसता चिपसेट तापतो. इथे स्मॉल एफएफटी पुरत नाही, ब्लेंडच चालवा.

## टप्पा १० : शेवटची चाचणी आणि रोजचा वापर

सगळं ठरल्यावर ब्लेंड पुन्हा एकदा रात्रभर चालवा, आणि मेमटेस्ट८६+ चा एक फेरा मारा. मग कूल अँड क्वाएट आणि सी१ई परत चालू करा. अनेक जण हे विसरतात आणि मशीन दिवसभर रिकामं असतानाही पूर्ण वेगाने तापत राहतं. चालू केल्यावर मात्र मशीन काही तास रिकामं ठेवून बघा. काही बोर्डांवर ओव्हरक्लॉक लोडवर पक्का असतो, पण वेग खाली उतरताना व्होल्टेज गरजेपेक्षा कमी पडतं आणि मशीन रिकामं असतानाच हँग होतं. तसं झालं तर आधी फक्त सी१ई बंद करा, मग गरज पडल्यास कूल अँड क्वाएट.

पक्की ठरलेली सेटिंग बायोसच्या प्रोफाइलमध्ये साठवा आणि वहीतही लिहून ठेवा. वर्षाच्या सर्वांत उष्ण दिवसांत लोडची चाचणी पुन्हा एकदा घ्या, कारण खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. काही महिन्यांनी मशीन अचानक डगमगू लागलं तर व्होल्टेज वाढवायला धावू नका. आधी कूलरमधली धूळ काढा, पंखा फिरतोय का बघा, मग वेग मूळवर आणून फक्त उघडलेले कोअर ठेवून चालवा. तिथेही चूक आली तर कोअर बंद करून बघा.